सातवी खोली बंद आहे

माझ्या साडूइतका बिनकामाच्या कामात उपयोगी पडणारा माणूस देवानं दुसरा घडवलेला नाही, आणि घडवला असलाच तर तो ग्वाल्हेरात तरी राहत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जन्मभर वीजखात्यात मीटरचं रीडिंग घेत सायकलवरून फिरला. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर सुनेच्या मागं लागतात. हा पूर्णवेळ कुंभारणीच्या मागं लागला. कुंभारीण म्हणजे ती काळी-पिवळी, दोऱ्याएवढ्या कमरेची माशी, जी भिंतीला, दाराच्या मागं, कूलरच्या पोटात चिखलाची घरं लिंपते आणि आपण झाडू घेऊन तिच्या मागं धावतो. आपण म्हणजे तुम्ही. आमच्या नात्यात कुणाची तशी हिंमत नाही. घरात कुंभारीण दिसली की आधी साडूला फोन जायचा, मग तो सायकलवर टांग टाकून यायचा, जवळचं पडाव असो की शहराच्या पार पलीकडचं मुरार, ऊन असो की थंडी. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत टॉर्च, स्टीलचा पेला, खडू, जुनं फडकं आणि मेहुणीच्या स्वयंपाकघरातून पळवलेलं उलथणं. मेहुणी म्हणायची, "चाळीस वर्षांत मला नवं उलथणं आणलं नाही यांनी, आणि जुनं माश्यांना देऊन टाकलं."

ही विद्या त्याला नोकरीतच लागली. मीटरची पेटी ही कुंभारणीची आवडती जागा, ऊन नाही, वारा नाही, वर छप्पर. पेटी उघडावी तर काचेवरच चिखलाचं घर, आकडा दिसतच नाही. दुसऱ्या रीडरनं बोटानं खरवडून आकडा घेतला असता. हा वहीत लिहायचा, "मीटर झाकलेले, आत बाळंतपण." एकदा साहेबानं बोलावून वही त्याच्यापुढं आपटली. "ये बाळंतपण क्या होता है?" साडूनं हिंदीत समजावलं. साहेब म्हणाला, "तुम बिजली विभाग में हो कि जच्चाखाने में?" साडू म्हणाला, "साहब, तीन हफ्ते रुकिए, खुद खाली करके जाएगी." आणि तीन आठवड्यांनी तो खरंच परत गेला, रिकामं घर उलथण्यानं अलगद काढलं, काच ओल्या फडक्यानं पुसली आणि आकडा घेतला. साहेब पुढं बदलून गेला. जाताना म्हणे साडूचा हात धरून म्हणाला, तुझ्यासारखा माणूस पाहिला नाही. साडू ते कौतुक समजतो. मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

त्याची कामाची पद्धत ठरलेली. आधी टॉर्च मारून खोल्या मोजायच्या. एकेका घरात चार, सहा, कधी आठ खोल्या असतात. बाई एकेका खोलीत कोळी पकडून आणून भरते, त्यावर एक अंडं घालते आणि वरून चिखलानं दार लिंपून टाकते. पोर आत कोळी खातं, मोठं होतं, आणि स्वतःच भिंत पोखरून बाहेर पडतं. म्हणजे गोल भोक दिसलं तर ती खोली रिकामी, भोक नाही तर आत कुणीतरी आहे. मोजून झालं की हा पेला भिंतीला लावून कान देणार. पेल्यातून काय ऐकू येतं ते मला आजवर कळलेलं नाही, मीही लावून पाहिलाय, मला शेजारच्यांचा टीव्ही ऐकू आला. मग खडूनं घराच्या खाली लिहिणार, "चालू", आणि पुढं तारीख. सगळ्या खोल्यांना भोकं पडली की "चालू" पुसणार, उलथणं चालवणार, डाग पुसणार आणि घरच्या बाईला बोलणार, "वहिनी, ही कोळ्यांसाठी येते. कोपऱ्यातली जाळी काढत चला, नळाखालचा चिखल होऊ देऊ नका, आपोआप येणं कमी होईल. तिला शिव्या काय देता!" बायका मान हलवायच्या, चहा पाजायच्या, आणि पुढच्या वर्षी जाळी तिथल्या तिथं.

नियमाला मात्र कडक. भरलं घर मोडायचं नाही आणि रिकामं ठेवायचं नाही. त्याच्या स्वतःच्या पोरीनं एकदा शाळेत दाखवायला एक रिकामं घर भिंतीवर राहू द्या म्हणून हट्ट केला, रडली, जेवली नाही. यानं तिच्यासमोर उलथणं लावलं. म्हणाला, "बेटा, रिकाम्या घराला भिंत अडवायचा हक्क नाही." आणि भरल्या घराचा किस्सा तर माझ्याच घरचा आहे. माझा धंदा मोटार वाइंडिंगचा, पडावला माझं दुकान होतं, अर्ध्या शहराच्या कूलरच्या मोटारी मी भरलेल्या. सहावीत शाळा सुटली तेव्हापासून हात तांब्याच्या तारेत. तर त्या वर्षी कूलर बाहेर काढला आणि पाहतो तो पंख्याच्या पात्याला आणि जाळीला जोडून कुंभारणीनं घर बांधलेलं. मी उलथणं शोधणार एवढ्यात साडू हजर. पाच खोल्या, चार भोकं, एक बंद. खडूनं कूलरवर लिहिलं, "चालू". मे महिना! ग्वाल्हेरचा मे ज्यानं काढला नाही त्याला मी काय सांगू, रात्री दोनला भिंतीला हात लावला तर भाजतो. मी म्हटलं, "अरे, अख्ख्या गावाचे कूलर मी चालू करतो आणि माझ्याच घरी माशीसाठी बंद?" साडू म्हणाला, "साडूभाई, तुमचा कूलर थांबू शकतो. ती नाही थांबू शकत." मी त्याला घालवून देणार होतो, पण माझी बायको त्याच्या बाजूला. तिनं खिडकीला ओली चादर बांधली आणि मला म्हणाली, "तिचं उरकू द्या, मग लावा तुमचा पंखा. तुम्ही काय बाळंत होणारात?" अठरा दिवस आम्ही ओल्या चादरीखाली काढले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी भोक पडलं. हिनं साडूला फोन केला, "भाऊजी, सुटली हो!" जसं काही माहेरची बातमी आली.

खरं म्हणजे या वेडात आमची ही त्याच्याइतकीच होती. आपल्यात जुन्या बायका मानतात ना, घरात कुंभारीण आली की घरात पाळणा हलणार, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. संजूचं, म्हणजे आमच्या मुलाचं, लग्न होऊन सहा महिने झाले होते. त्यांच्या खोलीत खिडकीच्या चौकटीवर हिला कुंभारणीचं घर दिसलं. बस. कुणाला विचारणं नाही, पुसणं नाही, अर्धा किलो पेढे आणून गल्लीभर वाटले. सून सिटी सेंटरला बँकेत. संध्याकाळी स्कूटीवरून घरी येते तर कोपऱ्यावरची म्हातारी तिच्या गालावरून हात फिरवते, अब संभलके चलाना बेटा. सून घरात आली ती पर्स आपटून. "आई! मुझे ही नहीं पता और पूरे मोहल्ले को पता है?" ही खिडकीकडं बोट दाखवायची आणि सून तिच्याकडं. शेवटी साडूला बोलावलं, निकाल द्यायला. त्यानं टॉर्च मारला, पेला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "अक्का, पाळणा हलणार आहे, पण हिच्या घरी. सूनबाईचा काही संबंध नाही."

"मग पेढ्यांचं काय?"

"वाया कुठं गेले? तिच्यासाठी वाटले समजा. दोन आणा इकडं."

सून तेव्हा हसली ती जमिनीवर बसून. नात पुढं चार वर्षांनी झाली, तेव्हा घरात औषधाला कुंभारीण नव्हती. ही म्हणाली, कुठंतरी माळ्यावर असेल, तुम्ही नीट बघत नाही.

साडूचं म्हणणं असं की कुंभारीण कधी डसत नाही. ते खरंही आहे, आपण तिला मुठीत दाबली नाही तर ती बिचारी आपल्याकडं बघतही नाही. पण त्यामुळं याची भीडच चेपली. मुरारला एका घराच्या सज्ज्याखाली हात घातला, ती निघाली गांधीलमाशी. तोंड असं सुजलं की मी दार उघडलं तर ओळखलं नाही, म्हटलं कोण पाहिजे? म्हणाला, "अक्का आहेत का?" हिनं जुन्या बायकांसारखी कुंभारणीच्याच रिकाम्या घराची माती पाण्यात कालवून त्याच्या गालाला थापली आणि अंगणात खुर्चीवर बसवलं. आता पुढचं तुम्ही खोटं मानाल, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दहा मिनिटांत एक कुंभारीण आली, त्याच्या गालावर उतरली आणि ओल्या मातीची गोळी करून घेऊन गेली. परत आली. परत गेली. चार खेपा केल्या तिनं. आणि हा ध्यानाला बसल्यासारखा स्तब्ध, ओठ न हलवता मला म्हणतो, "साडूभाई, हलू नका, काम चालू आहे." अरे, हलतोय कोण? तोंड तुझं, माती तुझ्या तोंडाची!

त्या दिवसापासून त्याला एक नवा नाद लागला. माती ओळखायचा. कुंभारीण एका जागची माती नेत नाही, जिथं ओलं मिळेल तिथून नेते, त्यामुळं तिच्या घरात पट्टे दिसतात. साडू टॉर्च मारून सांगायचा, हा काळा पट्टा मागच्या नालीचा, हा भुरा कूलरखालचा, हा पिवळा समोरच्या प्लॉटचा, तिथं पाया खणलाय ना. मी म्हणायचो, फेकतोय. पण दोन-चारदा पडताळून पाहिलं, बरोबर निघालं.

आणि आमच्याकडं एक माती होती जी दुसऱ्या कुणाकडं नव्हती. आमच्या घरी गणपती विकत आणायची पद्धत नाही. ही स्वतः करायची. पिवळी माती भिजवायची, त्यात गेरू घालायची, त्यानं मातीला फिकट तांबूस रंग यायचा, पिकल्या पेरूच्या आतल्यासारखा. आठ दिवस आधी माती मळून घमेल्यात नळाजवळ ठेवायची आणि वर ओलं गोणपाट. गोणपाट मात्र अर्धंच ओढायची. मी एकदा पूर्ण झाकलं तर मला ओरडली, "तिलाही लागते माती, अहो. गणपतीची थोडी तिकडं गेली तर काय बिघडलं?"

मागच्या वर्षी तिनं माती मळून ठेवली, आणि मूर्तीला बसायच्या आदल्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाली. तीन दिवस दवाखाना. मग संपलं. याच्यापुढं मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. गणपती बसला नाही. ती माती घमेल्यातच वाळली, तडकली, आणि दिवस झाल्यावर कुणीतरी उचलून टाकून दिली. कुणी टाकली ते मी विचारलं नाही. विचारून काय करणार होतो? पण महिनाभर नळाजवळ गेलो की घमेल्याची ती गोल खूण दिसायची आणि मला वाटायचं, बेचाळीस वर्षं संसार केला, आणि तिच्या हातचं शेवटचं काम नालीत गेलं.

यंदा उन्हाळ्यात संजू म्हणाला, "बाबा, या वर्षी गणपती बसवायचा ना, तर त्याआधी घर पेंट करून घेऊ." मी हो म्हटलं. मला हो-नाही सगळं सारखंच होतं. पेंटर आला, सामान हलवलं, आणि बैठकीच्या कोपऱ्यात, जिथं गणपती बसतो त्याच्या वरचं कॅलेंडर काढलं, तर मागं कुंभारणीचं घर. मोठं, हाताच्या तळव्याएवढं. मी जवळ जाऊन पाहिलं आणि तिथंच उभा राहिलो. खालून काळा पट्टा, मग भुरा, आणि वरचं सगळं तांबूस.

पेंटर हातात खरवडायची पत्ती घेऊन म्हणाला, "बाबूजी, हटिए, ये खुरच दूँ."

मी म्हटलं, "थांब."

"क्यों?"

आता त्याला काय सांगू? संजू आला. म्हणाला, "काय झालं बाबा?" मी म्हटलं, हे राहू दे. तो म्हणाला, "अहो, पण भोकं दिसतायत की. काकांचाच नियम ना, रिकामं झालं की काढायचं." त्यानं लहानपणापासून तेच पाहिलेलं, त्याची काय चूक. मला चार शब्द बोलायचे होते, की यात तुझ्या आईनं मळलेली माती आहे, आणि ते चार शब्द जुळेनात. भांडायला लागलो तर मला खूप शब्द सुचतात, पण हे भांडण नव्हतं. शेवटी मी रागावून म्हटलं, "साडूला बोलाव. तो म्हणेल तसं." म्हणून बसलो आणि मग लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. साडू काय म्हणणार ते तर ठरलेलं. स्वतःच्या पोरीचं ऐकलं नाही त्यानं.

साडू आला, तोच, खाकी पिशवी घेऊन. पेंटर शिडीवर, संजू शेजारी, सून दारात, आणि मी खुर्चीवर तोंड पाडून. त्यानं टॉर्च मारला. सवयीनं बोलायला लागला, "हा नालीचा... हा कूलरखालचा... आणि हा..." टॉर्च तसाच भिंतीवर. मला वाटलं आता पेला काढेल, पण काढला नाही. नुसता हात ठेवला भिंतीवर, घराच्या शेजारी. मग माझ्याकडं पाहिलं. बहुतेक माझं तोंडच बोललं असावं.

"सात खोल्या," साडू म्हणाला. "सहा भोकं."

संजू पुढं वाकला. "पण काका, हे तर मागच्या पावसाळ्याचं आहे. दहा महिने झाले. आतलं मेलं असणार, नाहीतर..."

"सातवी बंद आहे." साडूनं पिशवीतून खडू काढला आणि घराच्या खाली ठळक लिहिलं, "चालू".

"तारीख?" संजू म्हणाला. तोही पक्का आमचाच.

"तारखेची गरज नाही," साडू म्हणाला, आणि पेंटरकडं वळून म्हणाला, "भैया, इसके चारों तरफ से लगाओ. इसको छूना नहीं." पेंटरनं माझ्याकडं पाहिलं, संजूकडं पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखा ब्रश बुडवला. सून पाणी घेऊन आली, ते तिनं आधी साडूला न देता मला दिलं. म्हणजे तिला कळलं होतं. संजूला कधी कळलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी कॅलेंडरचा खिळा त्यानंच घराला धक्का लागणार नाही असा वर ठोकला.

आता सगळी भिंत आकाशी आणि मधे तळव्याएवढा जुना चुना, त्यावर ते घर. साडू आठवड्यातून एकदा येतो. चहाच्या आधी आत जातो, कॅलेंडर उचलतो, बघतो, खडू फिका झाला असेल तर परत गिरवतो, आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी बसतो. मी विचारतो, "काय?" तो म्हणतो, "चालू आहे." मग आम्ही चहा पितो. परवा घरात कुणी नव्हतं तेव्हा मी त्याला स्पष्ट विचारलं. म्हटलं, "मी काही लहान मूल नाही. अठरा दिवस माझा कूलर बंद ठेवलास, पोरीला रडवलंस, साहेबाशी भांडलास, पण रिकाम्या घराला कधी चालू म्हणाला नाहीस. खरं सांग, आत काही आहे का?"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. मग बशीकडंच बघत म्हणाला, "साडूभाई, कधी कधी उशीर होतो."

मी त्याला आणखी चहा ओतला.

गणपतीला आता आठ दिवस आहेत. पिवळी माती मी आणली, गेरू साडूनं आणला. मळली मीच. तांब्याच्या तारेनं घट्टे पडलेला हात, मातीत काय चालणार, पण मळली. सूनबाई म्हणते मूर्ती ती करून बघते, बिघडली तर बिघडली, गणपतीला आपलं घर माहीत आहे. घमेलं नळाजवळ त्याच खुणेवर ठेवलंय. वर ओलं गोणपाट टाकलं, आणि अर्धंच ओढलं.